मागे कोण सरणार? : दोन आरएफसींचं वाचन

इंटरनेट कसं चालावं हे ज्या दस्तऐवजांत लिहिलेलं असतं त्यांना आरएफसी म्हणतात. ते फुकट मिळतात, कुणीही वाचू शकतं, आणि बहुतेक लोक ते कामापुरते उघडून मिटतात. त्यांतले दोन मला पुस्तकासारखे सलग वाचण्याच्या लायकीचे वाटतात. एक आरएफसी ३९२७, मे २००५चा. दुसरा आरएफसी ६७६२, फेब्रुवारी २०१३चा. ॲपलमधला अभियंता स्टुअर्ट चेशायर दोन्हींच्या लेखकांत आहे. विषय असा : वरून सांगणारं कुणी नसताना यंत्रांनी आपापला पत्ता कसा घ्यावा आणि आपापलं नाव कसं ठेवावं.

एरवी हे काम वरूनच होतं. घरातला राउटर डीएचसीपी नावाच्या पद्धतीने प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता वाटतो आणि नावावरून पत्ता शोधायला डीएनएस असतं. राउटर बंद पडला, किंवा दोन लॅपटॉप नुसत्या केबलने जोडले, की दोन्ही आधार जातात. अशा वेळी यंत्रावर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तुम्ही तो पाहिला असेल, बहुधा इंटरनेट गेलेल्या एखाद्या संध्याकाळी, आणि हाच बिघाड असं समजून त्याला नावंही ठेवली असतील. बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पत्ता द्यायला कुणी नाही हे कळल्यावर यंत्राने स्वतःपुरती केलेली ती सोय असते.

३९२७ त्या सोयीची रीत सांगतो. ६५,०२४ पत्त्यांतून एक चिठ्ठी उचलल्यासारखा निवडायचा. लगेच त्यावर बसायचं नाही. आधी ‘हा कुणाचा आहे का?’ असं तीनदा विचारायचं, मध्ये एकदोन सेकंद थांबत. कुणी बोललं नाही तर ‘हा आता माझा’ असं दोनदा जाहीर करायचं. जाळ्यावर आधीच १,३०० यंत्रं असली तरी पहिल्याच फटक्यात मोकळा पत्ता सापडण्याची शक्यता ९८ टक्के, असा हिशेब लेखकांनी मांडला आहे. तरीही दहा वेळा टक्कर झालीच, तर मिनिटाला एकच प्रयत्न करायचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना यात फारसं नवं काही नाही, विचारण्याची पायरी सोडली तर.

या दस्तऐवजाचा गाभा मात्र पुढे आहे. पत्ता घेऊन झाल्यावरही भांडण उद्भवू शकतं, कारण कुणीतरी दोन वेगळी जाळी नंतर एका केबलने जोडतं आणि दोन्हींकडे तोच पत्ता धरून बसलेले दोघं समोरासमोर येतात. दोघांचीही चूक नाही, दोघांनीही रीतसर विचारलं होतं. मग पत्ता कुणाचा? आधी आलेल्याचा, मोठ्याचा, महागड्या यंत्राचा? यातलं काहीच लेखक सांगत नाहीत. ते म्हणतात : वाटलं तर ताबडतोब सोडून द्या. काम अर्धवट आहे म्हणून सोडवत नसेल तर एकदा, फक्त एकदा, ‘हा माझा आहे’ असं सांगा. दहा सेकंदांच्या आत पुन्हा तीच टक्कर झाली तर मात्र उठा आणि दुसरा पत्ता शोधा.

आरएफसींच्या भाषेत काही क्रियापदं ठळक मोठ्या अक्षरांत येतात. त्यांचे अर्थ १९९७ साली आरएफसी २११९ने पक्के केले : ‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण नसेल तर करावं, ‘मे’ म्हणजे केलं तरी चालेल. (आपल्या ‘करावे’मध्ये हुकूम, सल्ला आणि मुभा तिन्ही मावतात. सरकारी परिपत्रकं वाचलेल्यांना याचा ताप माहीत आहे.) ही क्रियापदं लावून तो परिच्छेद पुन्हा वाचा. हक्क सांगण्यापुढे ‘मे’ आहे, हक्क सोडण्यापुढे ‘मस्ट’. कारणही सरळ दिलंय : दोघंही अडून बसले तर भांडणाला अंत नाही. कोण बरोबर हे ठरवायला तिथे कुणी नाही, म्हणून भांडण संपवण्याची सोय आधी केली आहे. एकत्र राहण्याच्या नियमांबद्दल यापेक्षा समंजस परिच्छेद मी फार वाचलेले नाहीत.

याच चेशायरने जुलै २००८मध्ये आरएफसी ५२२७ लिहिला आणि ही रीत सगळ्याच आयपीव्ही४ पत्त्यांना लागू केली. तिथे एक तिसरा पर्याय आला : ज्यांचा पत्ता बदलून चालणारच नाही, उदाहरणार्थ राउटर, त्यांनी हटू नये, पत्ता कायम राखावा. व्यवहार म्हणून हे बिनचूक आहे. पण पहिल्या मजकुरातली सगळ्यांना एकच नियम असण्याची शान त्यात गेली, असं माझं मत.

६७६२ नावांबद्दल आहे. यंत्र आपलं नाव घेऊन, शेवटी ‘डॉट लोकल’ लावून, जाळ्यावरच्या सगळ्यांना एकदम हाक मारतं. पाव-पाव सेकंदाने तीनदा विचारायचं, मग जाहीर करायचं, निघताना निरोपाचा संदेश धाडायचा. दोघांनी एकाच क्षणी एकच नाव मागितलं तर ज्याची माहिती बाइट-बाइट ताडून पाहता वरची ठरते तो जिंकतो, दुसरा एक सेकंद थांबून पुन्हा विचारतो. नाव घेतलेलं निघालं तर मागे आकडा लावून पुढे जायचं. ॲपलने ही व्यवस्था २००२ साली ‘राँदेव्हू’ म्हणून बाजारात आणली. टिब्को कंपनीचं त्याच नावाचं उत्पादन आधीच होतं, ते प्रकरण कोर्टात गेलं, आणि २००५मध्ये राँदेव्हूचं ‘बाँजूर’ झालं. स्वतःच्याच नियमाप्रमाणे आकडा लावून ‘राँदेव्हू २’ करायला हरकत नव्हती.

या आरएफसीतला मला सर्वांत आवडलेला निर्णय लिपीचा आहे. जगाच्या डीएनएसमध्ये देवनागरी नाव जसंच्या तसं जात नाही. २००३च्या पनीकोड पद्धतीने त्याला रोमन वेष घालावा लागतो. २०१४मध्ये खुलं झालेलं ‘डॉट भारत’ तारेवरून जाताना एक्सएन, दोन आडव्या रेघा आणि एच२बीआरजे९सी असं जातं. ६७६२ हा वेष नाकारतो. घरच्या जाळ्यावर नावं युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपातच जायची, दुसरं कुठलंही रूप चालणार नाही. म्हणजे प्रिंटरचं नाव ‘कोपऱ्यातला प्रिंटर’ ठेवलं तर नियमाप्रमाणे ते उंबऱ्याच्या आत मराठीच राहतं. परदेशातल्या आपल्या घरांतही साधारण हीच वाटणी असते, त्यामुळे हा निर्णय वाचताना मला ओळखीचं काहीतरी भेटलं.

उंबऱ्याच्या आतला प्रत्येक जण आपला, हे मात्र या मजकुराने फारच सहज धरलं आहे. जाळं म्हणजे एकमेकांवर विश्वास असलेलं घर किंवा कचेरी, असं चित्र लेखकांसमोर आहे. आपल्यातले किती जण वसतिगृहात, चार अनोळखी लोकांच्या फ्लॅटमध्ये, विमानतळाच्या वायफायवर असतात! तिथे ‘अमुक आडनावाचा लॅपटॉप’ अशी हाक यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारत राहतं. नावावरून माणूस, आणि आडनावावरून त्याचा मुलूखही, ओळखू येतो. सुरक्षेच्या भागात एकमेकांशी वैर असलेल्यांचा विचार आहे, या चहाडीचा नाही. तो विचार आरएफसी ८३८६मध्ये आला, २०१८ साली.

दुसरा आक्षेप लांबीचा. नावाचा एक भाग ६३ बाइटांपेक्षा मोठा नको, हा डीएनएसचा जुना नियम इथेही राहिला. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त तीन-तीन बाइट खातं, त्यामुळे आपल्या वाट्याला एकवीस चिन्हं. ‘कोपऱ्यातला प्रिंटर’ ५२ बाइटांत बसतो. ‘वरच्या मजल्यावरच्या खोलीतला प्रिंटर’ बसत नाही, इंग्रजीत तोच आरामात बसतो.

तिसरा आक्षेप बारीक आहे, पण खास मराठी. रोमन अक्षरांची लहान-मोठी रूपं एकच धरायची, बाकी कुठलीच दोन चिन्हं समान मानायची नाहीत, असं ६७६२ सांगतो. आता ‘कोपऱ्यातला’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो : काही कळफलक ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडचं जे प्रमाण रूप हा मजकूर मागतो ते या दोहोंना एक करत नाही. त्यामुळे एकाच घरातल्या दोघांनी आपापल्या फोनवरून दोन प्रिंटरांना तेच नाव दिलं तर दोन्ही नावं यादीत सुखाने नांदतात. आकडा लागत नाही, कुणी मागे सरत नाही. टक्कर झाली आहे हे यंत्रांना कळलेलंच नसतं, आणि कागद कुठल्या प्रिंटरमधून निघणार हे तुम्हाला.