‘स्पर्शाविना’ या शब्दाविषयी शंका

१९७६ साली नेहर आणि साकमान यांनी काचेची सूक्ष्म नळी पेशीपटलाला टेकवून एकेका आयन-वाहिनीतला प्रवाह मोजला. १९८५ मध्ये रॉजर त्सियन यांच्या गटाचे ‘फ्युरा-२’ हे रंगद्रव्य आले आणि नळी न लावता, नुसत्या प्रकाशाने जिवंत पेशीतले कॅल्शियम मोजणे अधिक सोपे झाले. या पद्धतीला सर्रास ‘स्पर्शाविना’ म्हणतात, ते मला खटकते. रंगद्रव्य कॅल्शियमला धरते तेव्हाच त्याची चमक बदलते. म्हणजे जे मोजायचे, त्यातलेच थोडे ते अडवून ठेवते! मात्रा वाढली की कॅल्शियमची लाट बुटकी आणि लांबट होते. शिवाय दिसते ते कॅल्शियम, वाहिनी नव्हे. त्यातले काही पेशीच्या आतल्याच साठ्यातून सुटलेले असू शकते. देखण्या चित्राखाली रंगद्रव्याची मात्रा तरी छापावी.