प्रत, प्रेषण आणि पुसणे : ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ संकेताची चिकित्सा

जानेवारी 2018 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ नावाच्या संकेताला शिफारशीचा दर्जा दिला. एकाच कंपनीच्या भांडारात सर्वांचे लेखन साठविण्याऐवजी अनेक स्वतंत्र सर्व्हरांनी आपापले सभासद सांभाळावेत आणि परस्परांशी टपालासारखा व्यवहार ठेवावा, ही त्यामागील कल्पना होय. ऑयगेन रोखको यांनी 2016 मध्ये सुरू केलेले ‘मास्टोडॉन’ हे सॉफ्टवेअर आज या संकेतावर चालते. इतरही अनेक चालतात. असल्या दस्तऐवजाकडे केवळ तांत्रिक नियमावली म्हणून पाहण्याची रीत आहे. ती अपुरी आहे. लेखन कोणाचे, ते कोणी सांभाळावे आणि मागे घेण्याचा अधिकार कोठवर पोचतो, याविषयी या संकेतात निश्चित गृहीते आहेत, आणि ती गृहीते स्वामित्वहक्काच्या (कॉपीराइटच्या) कायद्यासमोर कितपत टिकतात, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पुण्यातील एखाद्या सर्व्हरवर कोणी एक छायाचित्र प्रसिद्ध केले आणि त्याचे वाचक बर्लिनमधील दुसऱ्या सर्व्हरवर असले, तर त्या नोंदीची प्रत बर्लिनला जाते. मास्टोडॉनच्या नेहमीच्या रचनेत छायाचित्राचीही प्रत तेथील साठ्यात ठेवली जाते. ज्या ज्या सर्व्हरवर वाचक, त्या त्या सर्व्हरवर प्रत. विकेंद्रीकरण म्हणजे येथे प्रतींचे वितरण होय. ती त्याची आनुषंगिक बाजू नव्हे. उलट स्वामित्वहक्काचा कायदा मुळात प्रतीचाच कायदा आहे. प्रत कोणी काढावी आणि लोकांपर्यंत कोणी पोचवावी, हाच त्याचा विषय. तेव्हा या दोहोंचा संघर्ष अपघाताने उद्‌भवलेला नाही. तो दोघांच्या व्याख्येतच आहे.

संकेताच्या कर्त्यांना याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. नोंद पुसण्याची आज्ञा ज्या कलमात आहे ते या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. पुसण्याचा निरोप मिळालेल्या सर्व्हरने आपल्याजवळची प्रत काढून टाकणे ‘योग्य’ ठरेल आणि तिच्या जागी ‘थडगे’ म्हणजे पुसल्याची खूण ठेवणे ‘ऐच्छिक’ राहील, असा त्याचा आशय आहे. ‘आवश्यक’, ‘योग्य’ आणि ‘ऐच्छिक’ या तीन शब्दांना अशा दस्तऐवजांत काटेकोर पारिभाषिक अर्थ असतो. येथे ‘आवश्यक’ हा शब्द मुद्दाम टाळलेला आहे. इतकेच नव्हे, तर एकदा नोंद दूरच्या सर्व्हरकडे गेली की तेथील प्रत नष्ट करावयास लावण्याचे कोणतेही साधन या संकेतात नाही, अशी कबुलीही तेथेच दिली आहे. हस्तलिखित पोथ्यांचे संपादन करणाऱ्याला ही अडचण नवी नाही : दुसऱ्या गावी गेलेली प्रत मूळ प्रतीत केलेल्या दुरुस्तीला बांधलेली नसते. कबुलीचा प्रामाणिकपणा मान्य केलाच पाहिजे. परंतु कबुली दिल्यावर विचार तेथेच थांबतो, हा या दस्तऐवजाचा खरा दोष आहे. पुसण्याची इच्छा नेहमी मूळ लेखकाचीच असेल, असे त्यात गृहीत धरले आहे. आपले छायाचित्र दुसऱ्यानेच प्रसिद्ध केले म्हणून तक्रार करणारा तिऱ्हाईत या संकेताच्या जगात अस्तित्वातच नाही. त्याला बोलण्यासाठी त्यात क्रियापद नाही.

कायद्याचे जग नेमके याच तिऱ्हाइताभोवती उभे आहे. अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टमधील कलम 512 ने सेवा पुरविणाऱ्यास अभय दिले, पण काही अटींवर : त्याने तक्रारी घेण्यासाठी प्रतिनिधी नेमून त्याची नोंदणी करावी, आणि नोटीस येताच मजकूर त्वरित हटवावा. यामागील चित्र एका मोठ्या वाड्याचे आहे. दरवाजा एक, आणि दरवानही एक. पुढे न्यायालयांनी दरवान नसलेल्या घरांचाही विचार केला. 2001 मध्ये नॅप्स्टरविरुद्ध निकाल गेला, कारण गाण्यांची सूची त्या कंपनीच्याच सर्व्हरवर होती. सूचीच विखुरली तर जबाबदारी टळेल, अशी समजूत त्यानंतर पसरली; परंतु 2005 मधील ग्रॉक्स्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रचनेपेक्षा हेतूला महत्त्व दिले आणि उल्लंघनास उत्तेजन देण्याच्या उद्देशाने साधन पुरविणारा जबाबदार धरला. विकेंद्रीकरण हे स्वतः ढाल नव्हे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. ज्यांचा हेतू निर्दोष आहे अशा सर्व्हरचालकांचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही. कलम 512 मधील साठवणुकीचे अभय ‘वापरणाऱ्याच्या सांगण्यावरून’ साठविलेल्या मजकुराला आहे. बर्लिनच्या सर्व्हरवर आलेली प्रत कोणाच्या सांगण्यावरून आली? पुण्याच्या लेखकाच्या, की त्याचा मागोवा घेणाऱ्या बर्लिनच्या वाचकाच्या? कायद्याच्या शब्दांत दोन्ही अर्थ बसविता येतात. म्हणूनच चालकाला त्यांपैकी एकावरही निर्धास्त विसंबता येत नाही.

भारतात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते बंद करण्यात आल्यानंतर अनेक भारतीय वाचक-लेखक मास्टोडॉनकडे वळले. येथील 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने ‘क्षणिक वा आनुषंगिक’ साठवणुकीला सूट मिळाली. तक्रार आल्यास, आणि तीत तथ्य दिसल्यास, छत्तीस तासांत तो मजकूर लोकांना पोचू देणे थांबवावे आणि एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता यावा, अशी व्यवस्था त्या कायद्याने व 2013 च्या नियमांनी घालून दिली. डिसेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ‘मायस्पेस’ प्रकरणात, मध्यस्थाला विशिष्ट उल्लंघनाचे प्रत्यक्ष ज्ञान असले पाहिजे, नुसता सर्वसाधारण संशय पुरेसा नाही, असा निर्णय दिला. लहान चालकाला हा निर्णय हितकारक आहे, यात शंका नाही. तथापि तो ज्या पक्षकाराला मिळाला ती वकिलांची फौज बाळगणारी कंपनी होती. नोकरी सांभाळून रात्री सर्व्हर पाहणाऱ्या एकट्या माणसाने छत्तीस तासांत तक्रारीतील तथ्य कसे पारखावे? तो पारखणार नाही; तो पुसून मोकळा होईल. अशा रीतीने मोठ्या कंपन्यांना शिस्त लावण्यासाठी योजिलेले नियम लहानांना पुन्हा मोठ्यांच्याच आश्रयाला ढकलतात.

येथे एका विस्मृत पूर्वसूरीची आठवण करून देणे भाग आहे. इव्हान प्रोड्रोमू हे अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या कर्त्यांपैकी एक. त्यांनी 2008 मध्ये ‘आयडेंटिका’ ही सेवा सुरू केली तेव्हा तेथील प्रत्येक नोंद क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशाच्या परवान्याखाली प्रसिद्ध होत असे. लेखकाने लिहितानाच प्रत काढण्याची अनुज्ञा दिलेली असल्यामुळे ती नोंद कोणत्याही सर्व्हरवर गेली तरी तिचे पारपत्र तिच्याबरोबर जात होते. हा तोडगा पुरता नव्हता; दुसऱ्याचे छायाचित्र आपले म्हणून टाकणाऱ्याने दिलेली अनुज्ञा पोकळच असते. तरीही प्रत आणि हक्क यांचा संबंध सॉफ्टवेअरच्या रचनेतच मांडावा लागतो, ही जाण तीत होती. अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या मूळ शब्दसंग्रहात परवान्यासाठी ठरावीक रकाना नाही. दृक्‌फितींच्या ‘पीअरट्यूब’ने तो आपल्यापुरता जोडून घेतला, मास्टोडॉनच्या नोंदी परवान्यावाचूनच प्रवास करतात. म्हणजे प्रतींचे जाळे विस्तारत असतानाच तिच्या अनुज्ञेची खूण गळून पडली. संकेत सर्वांना मान्य व्हावा म्हणून तो किमान ठेवला, हे समर्थन समजण्यासारखे आहे. परंतु पुसल्याच्या खुणेला जागा ठेवणाऱ्यांना अनुज्ञेची खूण अनावश्यक वाटावी, हे चमत्कारिक आहे.

विकेंद्रीकरणाचे पुरस्कर्ते स्वामित्वहक्काला सरसकट शत्रू मानतात तेव्हा ते स्वतःच्या पायाखालची जमीन विसरतात. मास्टोडॉन ज्या एजीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध झाले आहे, त्याची सगळी शक्ती स्वामित्वहक्कातूनच येते : सॉफ्टवेअर कोणीही घ्यावे, बदलावे, पण सेवा चालविणाऱ्याने बदललेला सोर्स कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा. 2021 च्या ऑक्टोबरात ‘ट्रुथ सोशल’ने मास्टोडॉनचा कोड वापरूनही तो खुला केला नव्हता. मास्टोडॉनकडून रीतसर पत्र गेले आणि नोव्हेंबरात कोड प्रसिद्ध झाला. ज्या हक्काच्या नोटिशीने लहान चालक दचकतो, त्याच हक्काने येथे लहान संस्थेने बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला नमविले.

युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाने लहान-मोठ्यांत भेद करण्याचा प्रयत्न केला, हे नमूद केले पाहिजे. त्यातील सतराव्या कलमाची कडक जबाबदारी नफ्यासाठी मोठ्या प्रमाणावर मजकूर मांडणाऱ्या सेवांवर आहे. ना-नफा ज्ञानकोश आणि मुक्त सॉफ्टवेअरची भांडारे तीतून वगळली आहेत. पण तेथेही सेवा हे एककच मानले आहे. शंभर सर्व्हरांवर पसरलेल्या एका नोंदीबाबत शंभर स्वतंत्र नोटिसा पाठवाव्यात, की मूळ सर्व्हरने एक नोटीस सर्वांना पुढे धाडावी, याचे उत्तर कायद्यात नाही आणि संकेतातही नाही. दुसरा मार्ग तांत्रिक दृष्ट्या अवघड नाही. पुसण्याचा निरोप जसा जातो तसा हरकतीचाही जाऊ शकेल. त्याला मान देणे ‘योग्य’ इतकेच ठेवले तरी चालेल. मात्र हरकतीला उत्तर देण्याची तरतूद त्याच निरोपात असली पाहिजे, अन्यथा खोट्या तक्रारींना आयती वाट मिळेल.

तोवर ‘क्षणिक’ या शब्दाचा अर्थ व्यवहारात चालकच ठरवीत आहेत. बाहेरून आलेली छायाचित्रे किती दिवसांनी साठ्यातून काढावीत, ती मुदत मास्टोडॉनच्या व्यवस्थापन-विभागात दिवसांच्या आकड्याने भरता येते. बहुतेक चालक हा आकडा भरतात तो डिस्कवरील जागेचा खर्च पाहून. कायद्याचे कलम उघडून नव्हे.