‘महिन्याला पाच हजार वाचवा’ : कर्ता नसलेलं वाक्य

गेल्या आषाढात कामशेतहून शिवाजीनगरला जाणाऱ्या लोकलमध्ये मी तासभर फक्त बचतीच्या रील पाहिल्या. मोजल्या नाहीत, पण जवळपास प्रत्येकीचं पहिलं वाक्य आज्ञार्थी होतं. वाचवा. टाळा. थांबा. ‘ही चूक आजच बंद करा.’ मग एकसारख्या काचेच्या बरण्या, झाकणांवर चिकटवलेली नावं, खिडकीत पुदिन्याची कुंडी, आणि मागे असं संगीत की डब्यात मसूर ओतणं हा प्रेमात पडण्याचाच एक प्रकार वाटावा. तळेगाव येईपर्यंत किराणा कधी भरावा, कोथिंबीर कशी गुंडाळावी, साबणाच्या चिपेचं काय करावं हे सगळं मला सांगून झालं होतं. शेजारच्या मावशींच्या पायाशी फोडशी आणि कुर्डूच्या जुड्यांची पाटी होती. त्या झोपल्या होत्या.

या रीलना साहित्य कोण म्हणतं, असं म्हणून हा विषय सोडता येईल. मला ते पटत नाही. ज्या मजकुराची सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, बोलणाऱ्याचा सूर ठरलेला आणि ऐकणाऱ्याची चूकही आधीच ठरलेली, तो वाङ्मयप्रकारच आहे. मराठीत तो नवाही नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीतले ‘खास गृहिणींसाठी’ कोपरे, कॅलेंडरच्या पानामागचा मजकूर ही त्याची थोरली भावंडं. थोरल्यांना कुणी समीक्षेच्या लायकीचं मानलं नाही म्हणून धाकटं मोकाट सुटलं, एवढंच.

माझी तक्रार सल्ल्यांबद्दल नाही. त्यातले बरेचसे बरोबरच असतात. माझी तक्रार व्याकरणाबद्दल आहे. ‘वाचवा’ या क्रियापदाचा कर्ता वाक्यात दिसत नाही. तो ‘तुम्ही’ आहे असं आपण धरून चालतो. पण हे ‘तुम्ही’ कोण? एक तारखेला ज्याच्या हातात अख्ख्या महिन्याचे पैसे आहेत, ज्याच्या घरात पंधरा किलोचा तेलाचा डबा ठेवायला कोपरा आहे आणि तो डबा घेऊन यायला गाडी आहे, असा माणूस. त्याला ‘महिन्याचा किराणा एकदम भरा’ हे सांगणं ठीक आहे. आमच्या गावात तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर जाणारी मुलं आहेत. पगार कधी सातला होतो, कधी बाराला, आणि मधेच ‘ब्रेक’ मिळाला तर होतच नाही. लावणीला आणि काढणीला मजुरीवर जाणाऱ्या बायका आहेत. त्यांचा पैसा दिवसाचा येतो आणि दिवसाचाच जातो. ही माणसं पाव किलो डाळ घेतात. पाव किलोत ती महाग पडते हे त्यांना रीलवाल्यांपेक्षा चांगलं कळतं. गावातला दुकानदार किलोमागे चार रुपये जास्त लावतो, पण तोच पगार होईपर्यंत थांबतो. ते चार रुपये डाळीचे नसतात, थांबण्याचे असतात. रीलमध्ये याला ‘उधारीची वाईट सवय’ म्हणतात. (शाम्पूच्या पुडीचा हिशेब मात्र एकदा स्वतः करून पाहा. तिथे पुष्कळदा बाटलीपेक्षा पुडीच स्वस्त पडते. ‘मोठं ते स्वस्त’ हे सूत्र तेवढ्यापुरतं आपटतं.)

१८५७ साली एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट दाखवून दिली : घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. आपल्याकडच्या २०२२-२३च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत ग्रामीण भागात हा वाटा सुमारे ४६ टक्के होता आणि शहरी भागात सुमारे ३९. म्हणजे खाण्यातून वाचवायचा सल्ला ज्याला सर्वांत जास्त लागू पडतो, त्याच्याच ताटात काढून घेण्यासारखं सर्वांत कमी असतं. पुण्यातल्या जोडप्यानं आठवड्यातून दोनदा बाहेरून मागवणं बंद केलं तर पाच हजार वाचतीलही. ज्या घरात बाहेरून काही येतच नाही तिथे काय बंद करायचं?

आणि एकदम भरून ठेवण्याची अक्कल या प्रदेशाला रीलकडून घ्यायची गरज नाही. त्याला आमच्याकडे बेगमी म्हणतात. लोणावळ्याचा पाऊस पुणेकराला सहलीचा वाटतो. इथल्या घराला तो दोन महिने कोंडून घालतो. म्हणून वैशाखात लाकडं रचली जातात, गोवऱ्या शाकारल्या जातात, मिरची कुटली जाते, सुकट आणि बोंबील उन्हं दाखवून डब्यात जातात, भातखाचरात ओलीवर आलेला हरभरा आणि वाल राखेत किंवा कोरड्या पिंपात बसतो. ही बेगमी उभी राहायची ती शेतातल्या धान्यावर. ज्याचं शेत एक्स्प्रेस-वेच्या, धरणाच्या किंवा बंगल्यांच्या प्लॉटखाली गेलं, त्याची बेगमीची समज शाबूत राहिली आणि बेगमी गेली. समज कमी पडत नाही, पहिले पैसे कमी पडतात. एवढी एक गोष्ट कुठलीही रील सांगत नाही, कारण ती सांगितल्यावर पुढे सांगण्यासारखं फार उरत नाही.

आमच्या तांदळाचीच गोष्ट घ्या. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हे वाण आलं, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. वास आंबेमोहराकडचा, पीक त्याच्याहून जास्त. आज जुन्या हायवेच्या कडेला ‘मावळचा अस्सल इंद्रायणी’ असे फलक लावून तो विकला जातो आणि पुणे-मुंबईचे लोक गाड्या थांबवून पोती भरतात. आमच्या घरी अख्खा इंद्रायणी सणाला आणि पाहुण्याला. एरवी गिरणीतून उरलेली कणी आणि रेशनचा तांदूळ. रेशनचं धान्य माणशी पाच किलो, जानेवारी २०२३पासून फुकट. रेशनचा मोकळा होतो, कणी चिकट होते, दोन्ही मिसळली की भात बरा लागतो. नुसत्या कणीची घावनं तर अख्ख्या तांदळाच्या घावनांच्या तोंडात मारतील अशी होतात. ही खरी, चवीला उतरणारी काटकसर आहे आणि मला तिचा अभिमानही आहे. पण ‘रोजच्या जेवणाला महागाचा तांदूळ कशाला?’ असं एक गोड हसू मला रीलमधून विचारतं, तेव्हा वाटतं, बाई, तो महागाचा तांदूळ आम्हीच पिकवतो.

न्यायानं बोलायचं तर चांगल्या रीलही असतात. एका मुलीची मला आठवते. मागे गाणं नाही, चेहराही नाही. नुसता हात, भिंतीवरचं कॅलेंडर आणि कुकर. सिलिंडर लावला ती तारीख ती कॅलेंडरवर लिहिते. डाळ सकाळी भिजत घालते, डाळ-भात-बटाटा एकाच कुकरात लावते, शिट्टी झाली की आच मंद करते. महिन्याच्या शेवटी पुन्हा कॅलेंडर दाखवते : १४.२ किलोचा सिलिंडर मागच्या खेपेपेक्षा सहा दिवस जास्त चालला. बस. ‘तुम्ही’ नाही, ‘मी’ आहे. किती वाचलं ते आहे आणि ते कुणाच्या हातानं वाचलं तेही पडद्यावर दिसतं आहे. चांगल्या गद्याचं हेच लक्षण असतं.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त ते आहे. १९७० साली आलेलं हे पुस्तक बचतीचं म्हणून कुणी वाचत नाही, पण मला ते तसंच वाचता येतं. कमलाबाईंचं शाळेतलं शिक्षण जेमतेम; त्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्याची. तराजू नसलेल्या घरात, आईपासून लांब राहणाऱ्या नव्या सुनेलाही अंदाज न चुकता पदार्थ करता यावा म्हणून. अंदाज चुकणं म्हणजे तूप, साखर, गॅस आणि सासरची बोलणी, सगळं एकदम वाया. वाटीचं माप ही सामान वाचवण्याची युक्ती आहेच, शिवाय ती शिकणाऱ्या बाईची इभ्रत वाचवते. पुस्तकाची मर्यादाही उघड आहे : त्यातल्या स्वयंपाकघरात खोबरं आणि तूप आहे असं गृहीत धरलं आहे. पण वाचणारीला मूर्ख धरलेलं नाही. रीलची सुरुवातच तिथून होते.

याच्या दुसऱ्या टोकाला लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागानं आलं आणि त्यात बचतीचा सल्ला म्हणून काही नाही. नवरा मोठा कवी, मनानं उदार, हातातला पैसा समोरच्याला देऊन मोकळा होणारा. आणि चूल पेटवायची बायकोनं. हे सगळं लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. हसताना कर्ता मात्र लपवत नाहीत. एकाच्या औदार्याचा भुर्दंड दुसऱ्या कुणाच्या पोटाला बसतो, ते त्यांच्या प्रत्येक विनोदातून कळतं. घरखर्चावर मराठीत इतकं स्वच्छ लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही.

आता माझ्याकडचा तिसरा मजकूर. आईची हिशेबाची वही. शाळेच्या उरलेल्या वह्यांची कोरी पानं शिवून केलेली. आई शनिवार-रविवार लोणावळ्याजवळच्या एका बंगल्यावर स्वयंपाकाला जाते, बाकीचे दिवस घरचं शेत. वहीत दुकान, दूध, भिशी, गिरणी, लोकलचा पास, सिलिंडर लावल्याची तारीख. दर महिन्याला एक ओळ असायची : ‘माझ्या गोळ्या’. या लेखासाठी म्हणून मी मागची दोन वर्षं चाळली, तर एका भाद्रपदापासून पुढचे चार महिने ती ओळ नाही. त्याच चार महिन्यांत दुसरी ओळ आहे : ‘फी हप्ता’. माझी फी. त्या चार महिन्यांत आई सारखी दमायची, पाय सुजायचे, जिना चढताना मधे बसायची, आणि आम्ही सगळे पावसाला नावं ठेवत होतो. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “तेवढ्यानं काय होतंय.”

रीलच्या भाषेत ही यशस्वी बचत आहे. रक्कम ठरलेली, सवय लागलेली, घरात कुणाला पत्ता नाही. आपल्याकडे ‘काटकसरी’ हे विशेषण बाईला लावतात तेव्हा त्यात कौतुक असतं. पण ती काटछाट नेमकी कुठे झाली हे विचारण्याची पद्धत नाही. शेवटी जेवणारीच्या ताटात, जुन्या चष्म्यात, गोळ्यांत. ‘मी हे करणं सोडलं’ अशा मथळ्याच्या रील खूप आहेत. त्यांत गोळ्या सोडलेली बाई मला अजून भेटलेली नाही, आणि भेटूही नये.

आमच्याच तालुक्यात एकेकाळी पै-पैचा दुसरा अर्थ लागला होता. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकानं फक्त एक पैसा द्यावा अशी कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लहानपणी मला हे खोटं वाटायचं, एका पैशाचा कारखाना कसा होईल म्हणून. त्या पैशाला निदान एक पत्ता होता. कशासाठी वाचवायचं हे आधी सांगितलं होतं, मग मागितलं होतं. आजच्या रीलच्या शेवटी गुंतवणुकीच्या ॲपची लिंक येते. लोणावळ्याच्या चिक्कीचं तरी दुसरं काय झालं? घाटातल्या रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना स्वस्तात ताकद देणारा गूळ-शेंगदाणा, अशी तिची गोष्ट सांगतात. आता ती सोनेरी खोक्यात मिळते आणि गावातली पोरं ती पाहुणा आला तरच खातात. फोडशी-टाकळ्याचीही सुरुवात झाली आहे. ‘रानभाज्या : फुकटातलं सुपरफूड’ ही रील मी त्याच लोकलमध्ये पाहिली. फुकटातलं म्हणजे मावशींनी पहाटे डोंगर चढून खुडलेलं.

उरलेल्या अन्नाच्या रीलबद्दल लिहायचं राहिलं. शिळ्या पोळीचा लाडू, उरल्या भाताचे कटलेट वगैरे. आमच्याकडे शिळी भाकरी ताकात कुस्करून संपते, तिला नाव नाही. पण रविवारी रात्री आई बंगल्यावरून येते तेव्हा पिशवीत एक डबा असतो. कधी बिर्याणी, कधी अर्धा केक, एकदा न उघडलेलं चीजचं पाकीट. ते खाताना आम्ही कधीच काही बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी फोनवर खर्चाचं ॲप घेतलं आणि वहीतल्या ओळी त्यात भरायला बसलो. किराणा, प्रवास, औषधं, सगळ्याला रकाने होते. ‘माझ्या गोळ्या’ औषधांत टाकल्या, दर महिन्याची आठवणही लावून ठेवली. भिशी कुठे टाकायची यावर आमचा वाद झाला. ॲप तिला खर्च म्हणत होतं, आई तिला घरातलाच पैसा म्हणत होती. मग मी विचारलं, रविवारच्या डब्याचं काय करू, किंमत शून्य लिहू का?

आईनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, “ते नको लिहूस.”