झडती कोणाची?

पोळ्याच्या झडत्यांना 'लोकगीत' म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या वाशीम जिल्ह्यात बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की कोणीतरी यमक जुळवलेल्या ओळी खड्या आवाजात म्हणतो आणि शेवटी सगळे महादेवाचा गजर करतात. पण त्या ओळींत बैल कमी, सावकार, सरपंच आणि कापसाचा भावच जास्त. मला झडती हा उपरोधाचा स्वतंत्र साहित्यप्रकार वाटतो.

जपानात हिरोशिमा प्रांतातल्या मिबु इथे जूनमध्ये 'हाना ताउए' हा सण होतो. सजवलेले बैल चिखलणी करतात, मग ढोल-बासरीच्या साथीवर बायका गात गात भात लावतात. युनेस्कोने २०११ मध्ये त्याला वारसा यादीत घेतलं. तिथे गाणं कामाला ताल देतं. पोळ्याला मात्र बैलाच्या खांद्यावर जू नसतं. काम थांबलेलं असतं, म्हणून हिशेब मागायला सवड मिळते.

आता तोरणाखालची रचना बघा. पहिली जोडी कोणाची, हे गावातला मान ठरवतो. झडती म्हणणारा त्याच मानकऱ्यांसमोर उभा राहून त्यांना चिमटे काढतो. तोरण तुटेपर्यंत त्यांना हलता येत नाही आणि शेवटचा गजर त्यांनाही करावा लागतो. झडतीची ताकद यमकापेक्षा या अडकवण्यात आहे.

म्हणून पुण्यात माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या झडत्या मला फिक्या वाटतात. त्यांतला राग खरा आहे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होता. पण 'सरकार' काही तोरणाखाली उभं नसतं. मापात मारणारा ओळखीचा व्यापारी मात्र या ओळींतून अलगद सुटतो.

याच निकषावर जुन्या झडत्याही तपासाव्या लागतील. बायकोवर, सासूवर हशा पिकवणाऱ्या कितीतरी आहेत. जिला तिथे उभं राहून उलट उत्तर देता येत नाही, तिच्यावर केलेली झडती कितीही जमली तरी कमअस्सलच.

ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. झडत्यांचे शब्द फोनमध्ये टिकतील. पण यंदा गावी असाल तर व्हिडिओ काढताना कॅमेरा म्हणणाऱ्यावर धरू नका, ऐकून घेणाऱ्यांच्या तोंडांवर धरा. झडती जमली की नाही, ते तिथेच कळतं.