चोरलेल्या उत्तरांचे पुढे काय झाले?

परीक्षेत फसवणूक करणारी शाळकरी मुले हा अमेरिकेतील कुमारवयीन विनोदी चित्रपटांचा एक ठरीव विषय आहे. अशा चित्रपटांची समीक्षा करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. माझ्यापुरते सांगायचे तर थोरल्या बंधूंची नात एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. विरंगुळा म्हणून तिने लावलेला ‘द परफेक्ट स्कोअर’ मलाही पाहावा लागला. दुसऱ्यांदा मात्र तो मी आपणहून पाहिला.

ब्रायन रॉबिन्स दिग्दर्शित हा चित्रपट जानेवारी २००४ मध्ये प्रदर्शित झाला. शाळेच्या अखेरच्या वर्षातील सहा मुले एसएटीची उत्तरे चोरण्याचा बेत करतात. कायलला वास्तुशास्त्र शिकायचे आहे; मॅटीला प्रेयसीच्या विद्यापीठात प्रवेश हवा आहे; हुशार ॲनाची ऐन परीक्षेत बुद्धी गोठली होती; बास्केटबॉलपटू डेझमंडला प्रवेशापुरते गुण हवे आहेत; फ्रान्सेस्काच्या वडिलांच्या मालकीच्या इमारतीतच परीक्षा-संस्थेचे कार्यालय आहे; आणि रॉय नावाचा नशेत तरंगणारा मुलगा बेत कानावर पडल्यामुळे मंडळीत शिरतो. कायल आणि फ्रान्सेस्का यांची कामे करणारे क्रिस एव्हान्स व स्कार्लेट जोहान्सन पुढे महानायकांच्या चित्रपटांमुळे जगभर गाजले. नातीला या चित्रपटाचे आकर्षण तेवढेच होते.

पूर्वार्ध चुरचुरीत आहे, आणि त्यातला राग खरा वाटतो. एका सकाळच्या परीक्षेने माणसाची किंमत ठरते, ती ठरविणारे कोण, असे ही मुले विचारतात. प्रश्न पोरकट नाही. ही परीक्षा १९२६ मध्ये सुरू झाली. तिचा एक प्रमुख शिल्पकार कार्ल ब्रिगम याने १९२३ मध्ये अमेरिकनांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहून त्यात वंशानुसार बुद्धीची प्रतवारी लावली होती आणि १९३० मध्ये स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परीक्षा मात्र राहिली. तिच्या नावातील ‘ॲप्टिट्यूड’, म्हणजे उपजत कल, हा शब्द पुढे गळाला आणि आता तर एसएटी ही अक्षरे कशाचीही आद्याक्षरे उरलेली नाहीत. ज्या परीक्षेला आपण काय मोजतो हे नावातही सांगता येईना, तिच्यावर चिडलेल्या मुलांचे काय चुकले?

चित्रपटातील सर्वांत चांगला प्रसंग चोरीच्या रात्रीचा आहे. उत्तरे हाती येत नाहीत, तेव्हा ही सहा जणे तिथेच बसून प्रश्नपत्रिका मिळून सोडवू लागतात. ज्याला जे येते ते तो सांगतो. रॉयचे गणित पक्के आहे, हे तेव्हा कळते. चोरी करायला आलेली मुले रात्रभर अभ्यास करीत बसली आहेत! या विनोदाला धार आहे. परीक्षा-हॉलमध्ये ज्याला गुन्हा म्हणतात, तेच बाहेरच्या जगात सहकार्य ठरते, हे चित्रपट व्याख्यान न देता दाखवतो. तिथे मी मनापासून हसलो.

पण त्यानंतर लेखकांचे धैर्य गळाले. परीक्षेच्या दिवशी सहांपैकी कोणीही ती उत्तरे वापरत नाही. प्रत्येकाला आपला मार्ग उमगतो आणि सगळे सज्जन होतात. चोरीचा थरार प्रेक्षकाने उपभोगला, नायकांच्या अंगाला डाग मात्र लागला नाही. परीक्षा न्याय्य आहे काय, हा प्रश्न सुटत नाही. त्याचा फक्त विसर पाडला जातो.

हीच पळवाट आपल्याकडे ‘थ्री इडियट्स’मध्ये (२००९) दिसते. रँचो आणि फरहान प्रश्नपत्रिका चोरतात, पण राजू ती वापरत नाही. त्याच राजकुमार हिरानींचा ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ ‘द परफेक्ट स्कोअर’च्या जेमतेम महिनाभर आधी, डिसेंबर २००३ मध्ये आला. त्यात मुन्ना दुसऱ्याकडून पेपर लिहवून घेतो आणि राजरोस वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन बसतो. तो पुढे स्वतःहून कॉलेज सोडतो हे खरे. तथापि चोरीचे फळ चाखलेला नायक आपल्यापुढे तीन तास ठेवण्याची हिंमत त्या चित्रपटात होती.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. चित्रपटात प्रौढ माणसे आहेत, परंतु चोरीत एकाचाही हात नाही. फ्रान्सेस्काच्या वडिलांची इमारत कामी येते, वडील नव्हेत. हे मला पटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे.

राज्य सेवेत असताना अनेक वर्षे वार्षिक परीक्षांच्या वेळी माझी नेमणूक भरारी पथकावर होत असे. (आमच्या इंदूरच्या मराठी घरांत या शब्दांचा नेहमी घोळ होतो. हिंदीत ‘कॉपी’ म्हणजे वही किंवा उत्तरपत्रिका, आणि आपण जिला ‘कॉपी’ म्हणतो ती ‘नकल’.) एका तहसिलीच्या केंद्रावर दाराजवळच्या बाकावरील मुलाने गाइडातील उत्तर इतक्या निष्ठेने उतरविले होते की, शेवटी ‘शेष पृष्ठ ४७ पर’ हेही लिहिले होते. पथकातील सगळे हसले. मीही हसलो. ते पान त्याच्यापर्यंत पर्यवेक्षक शिक्षकानेच पोहोचविले होते, हे मुलाने रडत रडत सांगितले. प्रकरण नोंदविण्याच्या छापील नमुन्यात परीक्षार्थीचे नाव, क्रमांक, पित्याचे नाव, जप्त साहित्य असे रकाने होते. साहित्य पुरविणाऱ्याचा रकाना नव्हता. मी नमुना भरला. वेगळा अहवाल लिहिता आला असता, तो मी लिहिला नाही. मुलाचे वर्ष गेले, आणि पर्यवेक्षक दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत उभा होता. ‘द परफेक्ट स्कोअर’च्या पटकथेतही नेमका तोच रकाना नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेतच उघड झाले. श्रीमंत पालकांनी दलालाला पैसे देऊन मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त करून घेतल्या होत्या. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीने त्यासाठी १५ हजार डॉलर मोजले आणि तिला १४ दिवसांची कैद झाली. मुलीला याचा पत्ताही नव्हता, असे तिने स्पष्ट केले. आमच्या शहराला हे ऐकून नवल वाटण्याचे कारण नव्हते. जुलै २०१३ मध्ये पीएमटीला दुसऱ्यांच्या नावावर बसायला आलेले लोक इंदूरमध्येच पकडले गेले आणि व्यापमं प्रकरणाला तोंड फुटले. त्यात ‘इंजिन’ आणि ‘डबे’ असे शब्द रूढ होते: पुढे हुशार भाडोत्री, मागे पैसे भरलेले उमेदवार, आणि आसनक्रमांक जुळवून देणारी प्रौढ माणसे कार्यालयात. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपविला.

हा रकाना भरणारा चित्रपट थायलंडमध्ये निघाला. नत्तवुत पूनपिरिया यांचा ‘बॅड जीनियस’ (२०१७) विनोदी नाही, पण विषय तोच आहे. शिक्षकाची हुशार मुलगी लिन पियानोच्या बोटांच्या हालचालींतून वर्गाला उत्तरे पुरवते. पुढे सिडनीत पेपर आधी सुरू होतो याचा फायदा घेऊन बँकॉकच्या मुलांसाठी उत्तरे पाठ करून आणायला निघते. इथे उत्तरे वापरली जातात, त्यांची किंमत चुकवावी लागते, आणि ती श्रीमंत मुलांपेक्षा धोब्याच्या दुकानात राबणाऱ्या बँक या मुलाला अधिक पडते. त्या नामांकित शाळेने प्रवेशासाठी आपल्या वडिलांकडून ‘चहापाण्याचे’ पैसे घेतले आहेत, हे लिनला कळते तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. त्यात कोणी आवाज चढवत नाही.

नातीने मला विचारले, “आजोबा, त्या सहांपैकी तुम्ही कोणाला पकडलं असतं?” मी म्हटले, “रॉयला.” तिला ते अन्यायाचे वाटले, आणि ते तसेच आहे. तिची परीक्षा आता संगणकावर होते. अमेरिकेबाहेर २०२३ पासून कागद-पेन्सिल गेली. पण ‘द परफेक्ट स्कोअर’ तिला अजून जुना वाटत नाही, एवढे श्रेय त्या पूर्वार्धाला दिले पाहिजे. ज्यांना दोन्ही चित्रपट पाहायचे असतील त्यांनी आधी अमेरिकी पाहावा. मी थाई चित्रपट आधी पाहिला असता, तर दुसरा अर्ध्यावरच बंद केला असता.