तेल, ज्योत आणि दार : दहा कुमारींच्या दृष्टांताची काव्यरूपे

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस, ग्रीक मजकुराच्या मधोमध, ‘मारानाथा’ हा अरामी शब्द अनुवादाविना तसाच राहिला आहे. त्याची फोड दोन प्रकारे होते : ‘आमचा प्रभू आला आहे’ किंवा ‘हे आमच्या प्रभो, ये’. (मराठी कानाला त्यात ऐकू येणारा ‘नाथ’ हा निव्वळ योगायोग होय.) आगमन घडून गेले आहे आणि तरीही ते व्हावयाचे आहे, अशा दुहेरी काळात ख्रिस्ती प्रतीक्षा वसते.

या प्रतीक्षेचे काव्यरूप शोधताना भारतीय तुलनाकार बहुधा विरहिणीकडे वळतो. ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून मीरेच्या पदांपर्यंत सामग्री विपुल आहे. शिवाय गीतरत्नातील वधू निद्रेतही हृदयाने जागी असल्याने सांधा जुळवणे सोपे जाते. मात्र मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील दहा कुमारींचा दृष्टांत या सांध्यात नीट बसत नाही. वराला उशीर होतो तेव्हा दहाही जणी झोपी जातात, शहाण्या पाचही. विरहिणीला निवांत झोप लागली तर तिचा विरहच संपला; येथे झोपेचा दोष कथेत कोणालाच लागत नाही, आणि म्हणूनच शेवटचा ‘जागृत राहा’ हा आदेश कथेशी किंचित विसंगत वाटतो. भेद पडतो तो बरोबर आणलेल्या तेलाने. आर्ततेपेक्षा तजवीज येथे निर्णायक आहे. हे तेल उसने देता येत नाही, आणि उशिरा आलेल्यांसाठी दार उघडत नाही. पंढरीत देवच विटेवर उभा राहून भक्ताची वाट पाहतो. त्या प्रतिमेवर पोसलेल्या वाचकाला हे बंद दार खुपणे स्वाभाविक आहे. ते पाश्चात्त्य ख्रिस्ती कवींनाही खुपले असावे, असे दोन रचनांवरून दिसते.

जर्मनीतील उना या गावी १५९७-९८मध्ये प्लेगने थैमान घातले असता तेथील लूथरपंथी पाळक फिलिप निकोलाय याने लिहिलेले, पहारेकऱ्याच्या हाकेने सुरू होणारे स्तोत्र १५९९मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यरात्र, मशाली, वराची चाहूल हे सारे त्यात आहे. मूर्ख कुमारी आणि बंद दार मात्र नाही. निकोलायने दृष्टांतातील इशारा गाळून लग्नघरातला उत्सव तेवढा ठेवला. नित्य प्रेते पुरणाऱ्या गावाला इशाऱ्याची वानवा नव्हती. बाखने १७३१मध्ये लाइपझिश येथे या स्तोत्रावर रचलेल्या कँटाटात आत्मा आणि ख्रिस्त यांची दोन युगुलगीते आहेत. विरहिणीशी तुलना करावयाचीच तर ती येथे शोभेल, कारण मूळच्या समूहातून तेथे एकटी प्रेयसी वेगळी काढली गेली आहे.

ख्रिस्टिना रोझेटीची ‘ॲडव्हेंट’ ही १८५८ची, ‘गॉब्लिन मार्केट’ (१८६२) या संग्रहातील कविता अधिक गुंतागुंतीची आहे. आगमनकालाच्या थंड, दीर्घ रात्री वर्षानुवर्षे दिवे तेवत ठेवणाऱ्या या स्त्रिया प्रथमपुरुषी अनेकवचनात बोलतात. आशा लांबल्याने त्यांचे मन खचते, तरी वचनाला त्या खोटे ठरवीत नाहीत. मूर्ख कुमारी येथेही अनुपस्थित आहेत. पण रोझेटीने तेलाचा कठोर नियम नुसता टाळलेला नाही, त्याला वळसा दिला आहे : तिच्या कुमारी एकमेकींच्या ज्योतीवरून ज्योत पेटवतात. तेल वाटले तर दोघींनाही अपुरे पडेल, ज्योत वाटल्याने उणी होत नाही. दृष्टांताच्या चौकटीत राहूनच परस्परसाहाय्याला जागा करून देणारी ही कल्पना असामान्य आहे. तिच्याकडे केवळ अलंकार म्हणून पाहणे म्हणजे कवितेचा कणा दुर्लक्षिणे होय.

पुढे याकोबाप्रमाणे त्या प्रभूला रडत-रडत घट्ट धरून ठेवतात आणि आशीर्वाद मिळेपर्यंत सोडत नाहीत. म्हणजे ज्याची वाट पाहावयाची तो आधीच हाती आहे. ‘मारानाथा’च्या दोन्ही फोडी एका कडव्यात एकत्र आल्या आहेत. शेवटी गीतरत्नातील प्रियकराची हाक येते, परंतु भविष्यकाळात. तत्पूर्वीच्या एका कडव्यात या शहाण्या कुमारी संथ, तृप्त गाणे गात स्वर्गाचे दार ठोठावतात. मत्तयाच्या कथेत दाराबाहेर उभे राहून ‘उघड’ म्हणण्याची पाळी मूर्ख कुमारींवर येते. रोझेटीने शहाण्यांना त्यांच्याच जागी, उंबऱ्याबाहेर, पेटत्या दिव्यांसह उभे केले आहे.