मग मी त्याला पाहिलं कशाला?

मंडळी, आपल्या स्मरणिकेत नाटकांची, पुस्तकांची आणि क्वचित सिनेमांची परीक्षणं येतात. मी आज परीक्षण लिहितोय ते एका खेळाच्या नियमपुस्तकाचं. ‘नियमपुस्तकाचं कसलं परीक्षण?’ असं आमच्या सौ.नेही विचारलं. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी बेसमेंटमध्ये शनिवारी मुलं टेबलाभोवती बसून रंगीबेरंगी फासे टाकतात आणि तावातावाने भांडतात. ती नेमकी कशावरून भांडतात, हे पालकांना कळावं म्हणून हा खटाटोप.

खेळ आहे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. २००३ साली एम.एस.साठी इथे आलो तेव्हा अपार्टमेंटमधल्या अमेरिकन रूममेटने मला या नादाला लावलं. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण डंजन मास्टर होतो. तोच सूत्रधार, तोच खलनायक आणि तोच अंपायर! गोष्ट सगळ्यांनी मिळून रचायची. पण लढाई आली की वार लागला की हुकला, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. समजा, वार लागायला अकरा किंवा जास्त हवेत. साध्या फाशाने शक्यता ५० टक्के, अनुकूल असताना ७५ आणि प्रतिकूल असताना फक्त २५. म्हणजे एका शब्दाच्या अर्थावर पात्राचं जगणं-मरणं अवलंबून असू शकतं.

तसंच झालं. २०२३च्या हिवाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये डाव रंगला होता. आमचे चिरंजीव, त्याचे दोन मित्र आणि मंडळातल्या एका स्नेह्यांची मुलगी. ती जादूगार. समोर अदृश्य मारेकरी. तिने शहाणपणा केला : आपली पाळी खर्च करून अदृश्य गोष्टी दिसायला लागतील असा मंत्र टाकला. पुढच्या पाळीला त्याच्यावर नेम धरला. मी म्हटलं, ‘‘दोन फासे टाक, लहान आकडा धरायचा.’’ आले सतरा आणि चार. वार हुकला. मारेकऱ्याचा हुकला नाही. जादूगार मेली.

‘‘काका, मला तो दिसत होता ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग मी त्याला पाहिलं कशाला?’’

मी पुस्तक उघडून दाखवलं. २०१४च्या आवृत्तीत ‘अदृश्य’ या अवस्थेखाली दोन मुद्दे आहेत. पहिला : असा प्राणी जादू किंवा विशेष इंद्रियाशिवाय दिसत नाही. दुसरा : त्याच्यावरचे वार प्रतिकूल, त्याने केलेले अनुकूल. दुसऱ्या मुद्द्यात ‘दिसत नसेल तर’ ही अट कुठेच नाही. म्हणजे तो तुम्हाला दिसला तरी त्याचा फायदा कायम! आणि हा केवळ माझा तर्क नव्हता. त्या आवृत्तीच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक, जेरेमी क्रॉफर्ड, यांनीही जाहीरपणे हाच अक्षरार्थ धरला होता. त्यामुळे मी बरोबर होतो. ती मुलगी मात्र पुढच्या दोन शनिवारी आली नाही.

आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात याला एक वाक्प्रचार आहे : ‘वर्क्स अ‍ॅज डिझाइन्ड’. ग्राहक सांगतो, प्रोग्रॅम चुकतोय. आपण स्पेसिफिकेशन दाखवून तक्रार बंद करतो. कागद जिंकतो, ग्राहक जातो.

त्या रविवारी पुण्याला फोन लावला. बाबा निवृत्त वकील. हसत हसत त्यांना सगळा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘अरे, तू वाक्य वाचलंस, परिच्छेद वाचला नाहीस.’’ मग त्यांनी मीमांसेतलं एक जुनं उदाहरण सांगितलं. यज्ञाच्या वेदीसाठी माखलेले खडे ठेवावेत, असं विधान आहे. कशाने माखलेले? तेलाने, तुपाने? विधानात नाही. पण लगेच पुढे तुपाची स्तुती येते. म्हणून तूप. जैमिनीच्या सूत्रांचा निवाडा असा की, शंका असेल तिथे बाकीच्या मजकुराकडून अर्थ घ्यावा. हिंदू कायद्यात वाक्यांचे अर्थ लावताना मीमांसेचे हे नियम वापरले गेले आहेत, ही वकिली पुरवणीही त्यांनी जोडली.

आता ते दोन मुद्दे पुन्हा वाचा. पहिला म्हणतो, दिसत नाही. दुसरा त्या न दिसण्याचा परिणाम सांगतो. पहिला गळून पडला तर दुसरा कशाच्या आधारावर उभा राहणार? माझ्यासमोर तूप ठेवलेलं होतं आणि मी खडे कोरडेच मांडले!

यावर माझे एक मित्र म्हणतात, ‘‘अरे, खेळच तो. डंजन मास्टर म्हणेल ते खरं, संपलं.’’ लहानपणी आमच्या सोसायटीच्या आवारात हाच कायदा होता : ज्याची बॅट, त्याचा निर्णय. पण तिथेही चेंडू गच्चीवर गेला तर आऊट, हे डाव सुरू व्हायच्या आधी ठरायचं. नियम म्हणजे आधी दिलेला शब्द. त्या मुलीने त्या शब्दावर विसंबून आपली पाळी आणि मंत्र खर्ची घातला होता. म्हणून मनमानी हा अक्षरार्थावरचा उतारा नव्हे. दोन्हींत खेळाडूची फसगत सारखीच.

पुस्तकाचा दोष नेमका कुठे आहे, हे बघायला हवं, कारण सगळ्या संदिग्धता एका जातीच्या नाहीत. काही निव्वळ शब्दांच्या आहेत. २०१४च्या पुस्तकात ‘शस्त्राचा जवळचा वार’ आणि ‘जवळच्या शस्त्राने केलेला वार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठोसा पहिल्यात मोडतो, दुसऱ्यात नाही! त्यामुळे धर्मवीर पॅलाडिनला दैवी प्रहार नुसत्या मुठीने करता येतो का, यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातले. हा निष्काळजी शब्दरचनेचा दोष. २०२४च्या आवृत्तीने तो एका वाक्यात मिटवला : ठोसाही चालेल.

दुसऱ्या जातीत शब्द स्वच्छ आहेत, पण परिणाम विचित्र. लांब धनुष्याचा पल्ला १५० फुटांपर्यंत सहज, त्यापुढे ६०० फुटांपर्यंत प्रतिकूल. चारशे फुटांवरच्या शत्रूवर स्वच्छ उन्हात बाण मारा : प्रतिकूल, २५ टक्के. आता दाट धुकं पडू द्या. शत्रू कुठे उभा आहे एवढंच माहीत आहे, दिसत नाही, म्हणून प्रतिकूल. पण त्यालाही तुम्ही दिसत नाही, म्हणून अनुकूल. नियम असा की, एक अनुकूल आणि कितीही प्रतिकूल असोत, सगळे रद्द. उरला साधा फासा, ५० टक्के. धुक्यात नेम दुप्पट चांगला! ही गंमत २०२४च्या आवृत्तीतही तशीच आहे. इथे मी पुस्तकाला थोडं माफ करतो. बेरीज-वजाबाक्यांचं जंजाळ टाळून खेळ भराभर चालावा म्हणून केलेली ती तडजोड आहे.

तिसरी जात म्हणजे मोकळ्या सोडलेल्या जागा. या खेळाला त्या जन्मापासूनच आहेत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो तीन छोट्या पुस्तिकांच्या पेटीत काढला, तेव्हा लढाईसाठी ‘चेनमेल’ या १९७१च्या युद्धखेळाचे नियम बघा, असंच त्यात सांगितलं होतं. पर्यायी पद्धत सोबत जोडलेली होती. पुढे शंकांना उत्तरं द्यायला ‘ड्रॅगन’ मासिकात खास सदर सुरू झालं. पन्नास वर्षं हा खेळ भाष्यकारांवर जगला आहे. आपल्याला त्याचं नवल वाटू नये.

आणि २०२४ची आवृत्ती? माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती तिथे आहे. ‘अदृश्य’ अवस्थेत आता स्पष्ट लिहिलंय : जो तुम्हाला कसंही करून पाहू शकतो, त्याच्याविरुद्ध हा फायदा नाही. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न पुस्तकाने मान्य केला. पण त्याच दमात नवा घोळ घातला. लपणाऱ्यालाही आता हीच ‘अदृश्य’ अवस्था मिळते आणि शत्रूने त्याला ‘शोधून काढलं’ की ती संपते. शोधून काढणं म्हणजे काय? खांबाआडून लपलेल्या चोरासमोर पहारेकरी सरळ चालत येऊन उभा राहिला, तर तो सापडला की पुन्हा फासा टाकायचा? मजकूर दोन्ही बाजूंना झुकतो.

माझा आक्षेप एवढाच की, पुस्तक नियम सांगतं, पण नियमाचं कारण क्वचितच सांगतं. ‘हे न दिसण्यामुळे होतं’ एवढे शब्द २०१४ साली असते तर कितीतरी टेबलांवरचे वाद वाचले असते. २०२४च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात निदान एवढं कबूल केलंय की, नियम म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे आणि अर्थ सद्भावनेने लावायचा असतो. हे वाक्य खेळाडूंच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर हवं होतं. बाकी पुस्तक नवीन खेळाडूंसाठी मांडणीत सरस आहे. मुलांसाठी घ्यायचं असेल तर हीच आवृत्ती घ्या.

असो. बाबांच्या फोननंतर मी त्या मुलीच्या घरी गेलो आणि तिला सांगितलं की, माझा निकाल चुकला होता. मेलेली जादूगार जिवंत करू का, असंही विचारलं. ती म्हणाली, ‘‘नको काका, मी दुसरं पात्र केलंय.’’ चोर केलाय तिने. हल्ली वाद झाला की ती आधी विचारते, ‘‘हा नियम कशासाठी आहे?’’

गेल्या शनिवारी तिचा चोर खांबामागे लपला आणि पहारेकरी थेट त्याच्यासमोर आला. अर्धा तास चर्चा झाली, पिझ्झा गार झाला. निकाल अजून लागायचाय. पुढच्या शनिवारी चार वाजता बसतोय. कुणाचे बाबा निवृत्त वकील असतील तर त्यांनाही घेऊन या.